सात लाख कॅसेटी मातीआड



खताची मात्रा, बोंडअळी, बांधबंदिस्ती हे आपले नेहमीचे विषय. आज ते बाजूला ठेवू आणि खेळाविषयी बोलू. खेळ म्हणजे हुतुतू किंवा आट्यापाट्या नव्हेत. टीव्हीच्या पडद्यावर नि आता मोबाइलवर खेळतात तो, पोरे ज्याला ‘गेम’ म्हणतात तो. ‘साहेबांना आज काय झाले’ असे म्हणून पान उलटू नका. या धंद्यात विक्रम पुष्कळ झाले आहेत. सर्वांत जास्त खपलेला खेळ कोणता, सर्वांत महाग विकलेला कोणता, याच्या याद्या पोरांना तोंडपाठ असतात. पण मला त्यातला जो विक्रम विचार करण्याजोगा वाटतो तो विकण्याचा नाही, पुरण्याचा आहे. १९८३ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने आपला न खपलेला आणि परत आलेला माल ट्रकांत भरला, दूरच्या एका गावाच्या कचराकुंडीत नेला, खड्ड्यात ओतून चिरडला आणि वरून काँक्रीट घातले. किती माल होता ते पुष्कळ वर्षांनी कळले. हे काम ज्याच्या देखरेखीखाली झाले त्या अधिकाऱ्याने आकडा सांगितला: ७ लाख २८ हजार नग.

भाव पडल्यावर कांदा उकिरड्यावर ओतलेला तुम्ही पाहिला आहे. टोमॅटोचे क्रेट रस्त्याच्या कडेला उलटे केलेले पाहिले आहेत. काहींनी स्वतःच्या हातांनी ते केले आहे. तेव्हा ही गोष्ट तुम्हाला परकी वाटणार नाही. फरक एवढाच की कांदा नासतो, टोमॅटो सडतो; प्लॅस्टिकच्या डबीला तसे काही होत नाही. मग ती पुरायची वेळ का यावी?

आधी ती वस्तू काय होती ते सांगतो. कंपनीचे नाव अटारी. १९७२ साली कॅलिफोर्नियात नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनी ती काढली. त्यांचा पहिला गाजलेला खेळ ‘पाँग’. पडद्यावर दोन दांडकी आणि एक ठिपका, टेबलटेनिससारखा प्रकार. नाणे टाकायचे आणि खेळायचे. सनीव्हेल गावातल्या एका दारूच्या गुत्त्यात पहिले यंत्र चाचणीसाठी मांडले. थोड्याच दिवसांत निरोप आला की यंत्र बंद पडले. कंपनीचा माणूस दुरुस्तीला गेला आणि यंत्र उघडून पाहतो तर काय, नाण्यांचा डबा गच्च भरला होता, म्हणून नवे नाणे आत जात नव्हते! धंद्याची सुरुवात अशी झाली. पहिल्याच पेरणीला असे पीक आले की माणसाला जमिनीचा अंदाज राहत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

१९७६ साली वॉर्नर कम्युनिकेशन्स या बड्या कंपनीने अटारी विकत घेतली. १९७७ साली घरच्या टीव्हीला जोडायचे यंत्र बाजारात आले. यंत्र एकदाच घ्यायचे. खेळ मात्र वेगवेगळ्या कॅसेटींत. पुढे आपल्याकडे तालुक्याच्या गावी अशी यंत्रे आली तेव्हा पोरे कॅसेटच म्हणत, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. आत फीत नसे. तळहातावर मावेल अशी प्लॅस्टिकची डबी आणि तिच्यात एक चिप. त्या चिपेत खेळ किती मावे? चार नाहीतर आठ किलोबाइट. तुमच्या मोबाइलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे शेकडो खेळ बसतील. पण लोक त्यासाठी वेडे झाले. कंपनीचा खरा नफा यंत्रात नव्हता, कॅसेटीत होता.

आता पैसा दिसू लागला म्हटल्यावर काय होते ते तुम्ही ओळखले असेल. शेजाऱ्याच्या आल्याला भाव मिळाला की पुढच्या वर्षी सारा शिवार आल्याने भरतो. अगदी तसेच झाले. १९७९ साली अटारीतले चार कसबी प्रोग्रामर, म्हणजे खेळ तयार करणारे कारागीर, नोकरी सोडून गेले. त्यांचे गाऱ्हाणे मला रास्त वाटते. त्यांच्या खेळांवर कंपनी कोट्यवधी डॉलर मिळवी, पण डबीवर त्यांचे नावसुद्धा छापत नसे. त्यांनी अॅक्टिव्हिजन नावाची स्वतःची कंपनी काढली आणि अटारीच्याच यंत्रावर चालणाऱ्या कॅसेटी विकू लागले. अटारी कोर्टात गेली. १९८२ साली तडजोड झाली, आणि ज्याला हवे त्याने कॅसेट काढावी असा रस्ता खुला झाला. अॅक्टिव्हिजनची माणसे जाणकार होती, त्यांचा माल उत्तम होता. त्यांच्या मागून जे आले त्यांची मात्र गंमत ऐका. ओट्स विकणारी क्वेकर ओट्स ही कंपनी खेळांच्या धंद्यात उतरली. कुत्र्यांचे खाद्य विकणाऱ्या प्युरिना कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांसाठी एक खेळ काढला. त्यात कुत्रा खाद्याच्या गाडीमागे धावतो. जॉन्सन अँड जॉन्सनने दात वाचवायचा खेळ काढला. हे मी विनोदाने लिहीत नाही, हे खरेच घडले आहे. ज्यांचा या कामाशी संबंध नाही तेही पेरायला लागले म्हणजे बाजार टोकाला गेला असे समजावे.

याहून मोठी गोची मात्र मागणीच्या आकड्यांत होती. हा भाग नीट वाचा.

खरिपाच्या तोंडावर युरिया कमी येणार अशी आवई उठली की आपण काय करतो? पाच गोण्या लागत असल्या तर दहा मागतो. दहा मागितल्या तर पाच तरी पदरात पडतील हा हिशेब. दुकानदार आपल्यावर आणखी चढवून मागणी नोंदवतो. वरच्या माणसाला मग वाटते, या तालुक्याला केवढा युरिया लागतो! अटारीच्या वितरकांना माल नेहमी अपुरा मिळे. ऑक्टोबर १९८१ मध्ये कंपनीने त्यांना सांगितले की, पुढच्या सबंध वर्षाची मागणी आताच नोंदवा. वितरकांनी जुन्या अनुभवावरून गरजेपेक्षा कितीतरी जास्त मागणी लावली. कंपनीने ते कागद खरे धरले आणि कारखाने जोरात चालवले. वर्ष सरता सरता माल भरपूर झाला, प्रतिस्पर्धी वाढले, तसे वितरकांनी मागण्या रद्द करायला आणि माल परत पाठवायला सुरुवात केली. कागदावरचे गिऱ्हाईक खरे गिऱ्हाईक नव्हते.

मार्च १९८२ मध्ये अटारीने ‘पॅकमॅन’ची कॅसेट काढली. मूळ खेळ जपानचा, १९८० सालचा, आणि जगभर गाजलेला. पिवळा गोल तोंड उघडझाप करत ठिपके खात सुटतो तो हाच. त्या सुमारास अटारीची यंत्रे सुमारे १ कोटी घरांत होती असे सांगतात. आणि पॅकमॅनच्या कॅसेटी काढल्या १ कोटी २० लाख! कंपनीचा हिशेब असा की, हा खेळ मिळतो म्हणून नवी माणसे यंत्र घेतील. ७० लाखांच्या वर कॅसेटी खपल्या, त्या यंत्रावर सर्वांत जास्त खपलेला खेळ तोच ठरला. पण चित्र लुकलुकत होते, मूळ खेळाची मजा तीत नव्हती, आणि लाखो नग शिल्लक पडले. विक्रमी खप आणि विक्रमी शिल्लक, दोन्ही एकाच मालाच्या नावावर.

मग आला ‘ई.टी.’. स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा हा चित्रपट जून १९८२ मध्ये लागला. परग्रहावरचा एक जीव पृथ्वीवर चुकून मागे राहतो आणि त्याला घरी परतायचे असते, अशी ती गोष्ट. पोराथोरांनी डोक्यावर घेतली. वॉर्नरने तिच्या हक्कांसाठी २ ते अडीच कोटी डॉलर मोजले असे सांगतात. पण बोलणी लांबली आणि जुलै संपत आला. तिकडे नाताळ म्हणजे आपली दिवाळी; खेळण्यांचा निम्मा धंदा तेवढ्या दिवसांत. नाताळच्या आधी माल दुकानात हवा, तर कारखान्याला खेळ १ सप्टेंबरला हातात हवा. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ नावाच्या पंचविशीतल्या कारागिराला विचारले, पाच आठवड्यांत करशील का? याच माणसाचा आधीचा ‘यार्स रिव्हेंज’ हा खेळ नावाजलेला होता, आणि त्याला सात महिने लागले होते. वॉरशॉ हो म्हणाला. कामाचे यंत्र घरी आणून बसवले आणि रात्रंदिवस खपून त्याने खेळ वेळेवर पुरा केला.

शंभर दिवसांचे वाण पस्तीस दिवसांत काढणीला आणता येत नाही. शेंग दिसते, दाणा भरत नाही. ई.टी.चेही तसेच झाले. खेळात त्या जिवाने टेलिफोनचे तीन तुकडे शोधायचे आणि घरी निरोप धाडायचा. कल्पना वाईट नव्हती. पण चालता चालता तो सारखा खड्ड्यात पडे. कसाबसा वर काढावा तर कडेवरून पुन्हा खड्ड्यात. लहान मुले रडकुंडीला आली. कंपनीने कॅसेटी सुमारे ४० लाख काढल्या होत्या. नाताळात सुमारे १५ लाख खपल्या. लक्षात घ्या, १५ लाख हा आकडा काही लहान नव्हे. इतक्या खपाने दुसरी एखादी कंपनी पेढे वाटती. पण ४० लाखांपुढे तो अपयश ठरला.

७ डिसेंबर १९८२ रोजी वॉर्नरने जाहीर केले की अटारीची वाढ अपेक्षेपेक्षा फार कमी होणार. वॉर्नरच्या शेअरचा भाव लगेच सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. दुकानदारांची अवस्था आणखी बिकट. फडताळे भरलेली, छोट्या कंपन्या बुडालेल्या, मग न खपलेला माल परत घेणार कोण? तीस-पस्तीस डॉलरची कॅसेट पाच डॉलरला टोपलीत टाकून विकू लागले. पाच डॉलरची टोपली दारात ठेवल्यावर चांगला खेळ पस्तीस डॉलरला कोण घेईल? वाईट मालाने चांगल्या मालाचा भाव पाडला. १९८३ साली अटारीला ५३ कोटी ६० लाख डॉलर तोटा झाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कंपनीने कारखान्याचे काम हाँगकाँग आणि तैवानला हलवायचे ठरवले आणि कॅलिफोर्नियातल्या १,७०० कामगारांवर गदा आली. ज्यांनी आकडे चुकवले ते त्या १,७०० मध्ये नव्हते, हेही लिहून ठेवतो. सगळ्या अमेरिकेचा घरगुती खेळांचा धंदा सुमारे ३२० कोटी डॉलरवरून १९८५ पर्यंत १० कोटींवर आला. शंभरातले तीन उरले, असे म्हणा.

सप्टेंबर १९८३ मध्ये टेक्सास राज्यातल्या एल पासो येथील अटारीच्या कारखान्यातून ट्रक निघाले ते शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावी. हा मुलूख कोरडा, वाळूचा, काटेरी झुडपांचा. जगातला पहिला अणुबॉम्ब १९४५ साली याच बाजूच्या वाळवंटात फोडून पाहिला होता. गावाच्या कचराकुंडीत माल ओतला गेला. बातमी पोरांना लागली आणि ती खड्ड्यात उतरून कॅसेटी पळवू लागली. तेव्हा वरून काँक्रीट ओतले. गावकऱ्यांनीही कुरकुर केली की, दुसऱ्या राज्याच्या कारखान्याचा कचरा आमच्या दारात कशाला? ते प्रकरण तिथेच थांबले.

पुढे दुकानदार व्हिडिओ गेम हे नावसुद्धा ऐकून घेईनात. ही कोंडी फोडली ती जपानच्या निन्टेन्डो कंपनीने. ही कंपनी १८८९ सालची, क्योटो शहरातली, आणि तिचा मूळ धंदा पत्ते छापण्याचा! १९८५ साली निन्टेन्डोने न्यूयॉर्कमध्ये आपले यंत्र आणले. दुकानदारांना सांगितले की न खपलेला माल आम्ही परत घेऊ. यंत्रात अशी कळ बसवली की कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट त्यात चालूच नये. दुसऱ्या कंपन्यांना वर्षाला पाचच खेळ काढायची मुभा दिली, आणि प्रत्येक डबीवर आपला गुणवत्तेचा शिक्का मारला. मी बियाण्यांच्या पिशव्या तपासण्यात बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून मला ही युक्ती ओळखीची वाटते. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर टॅग असतो तो काय सांगतो? आतले बी अमुक वाणाचे आहे, तपासलेले आहे. पीक भरघोस येईलच असे तो सांगत नाही. ते पाऊसपाण्यावर आणि तुमच्या कष्टावर. निन्टेन्डोचा शिक्काही तसाच. खेळ मजेदार असेलच याची तो हमी देत नव्हता, पण वाटेल त्याचा माल नाही एवढे सांगत होता. बुडालेला बाजार तेवढ्यावर उभा राहिला. निन्टेन्डोच्या या अटी दुसऱ्या कंपन्यांना जाचक वाटत हेही खरे. सगळा बाजार एकाच्या मुठीत गेला की त्याचेही चटके बसतात.

इकडे ई.टी.ची मात्र दंतकथा झाली. ‘जगातला सर्वांत वाईट खेळ’ असा शिक्का त्याच्यावर बसला. एका खेळाने अख्खा धंदा बुडवला, त्याच्या लाखो कॅसेटी वाळवंटात पुरल्या आहेत, असे लोक सांगू लागले. कोणी म्हणे पुरल्याच नाहीत, नुसती थाप आहे. वॉरशॉ तो धंदा सोडून गेला आणि पुढे लोकांच्या मनाचे आजार ऐकून घेणारा समुपदेशक झाला. तीस वर्षे त्याच्या नावाला हे बिऱ्हाड चिकटून राहिले.

२६ एप्रिल २०१४ रोजी खड्डा खरोखर उकरला. त्यावर एक माहितीपट निघत होता. जागा शोधून काढण्यात त्याच गावच्या, कचऱ्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या जो लेवांडोस्की या माणसाचा मोठा वाटा. त्याने जुने फोटो आणि जुन्या खुणा जुळवून नेमका कोपरा काढला. आपल्याकडे जुना बुजलेला आड शोधायला म्हातारी माणसे झाडाची नि बांधाची खूण सांगतात ना, तसेच. त्या दिवशी धुळीचे वादळ उठले होते. तरी शेकडो माणसे तोंडाला फडकी बांधून उभी होती, आणि त्यांत स्वतः वॉरशॉही होता. सुमारे तीस फुटांखाली कॅसेटी लागल्या.

आणि काय निघाले? सुमारे १,३०० कॅसेटी बाहेर काढल्या. त्यांत ई.टी. होता, पण दहात एक या हिशेबाने. बाकी सारे पॅकमॅन, सेंटिपीड, मिसाइल कमांड, अॅस्टेरॉइड्स असे चांगले खपलेले, नावाजलेले खेळ. म्हणजे खड्ड्यात वाईट माल गेला नव्हता, जास्तीचा माल गेला होता. चांगल्या-वाईटाची तिथे निवड झालीच नव्हती. हे दिसायला तीस वर्षे आणि एक पोकलेन लागले. माझे मत विचाराल तर त्या पोराने पाच आठवड्यांत जे केले ते कामगिरीच म्हणावी लागेल. कच्चा खेळ ही त्याची बाजू मान्य. पण ४० लाख नगांचा आकडा त्याने घातला नव्हता, मागणीचे खोटे कागद त्याने लिहिले नव्हते, आणि जुलैअखेर पेरून ऑगस्टअखेर काढायचे हे वेळापत्रकही त्याचे नव्हते. बाजार पडला की शेवटी ज्याच्या हातात माल दिसतो त्याच्याकडे बोट दाखवतात. हे आपल्याही बाजार आवारात रोज चालते.

आता किमतीचा भाग, म्हणजे पोरांनाही हे पान वाचायला देता येईल. ११ जुलै २०२१ रोजी अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ सालच्या खेळाची एक न उघडलेली, सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. आपल्या पैशात त्या वेळी साडेअकरा कोटींच्या घरात. दहा लाख डॉलरच्या वर गेलेला तो पहिला व्हिडिओ गेम. महिनाभरातच १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक सीलबंद प्रत २० लाख डॉलरला विकली गेली. कोणी खेळलेच नाही म्हणून एवढी किंमत! मला यात खेळापेक्षा सट्टा जास्त दिसतो, पण असो.

अलामोगोर्डोच्या नगरपालिकेने मात्र आपला माल शिस्तीत विकला. खड्ड्यातून निघालेल्या कॅसेटी, चेपलेल्या, मळलेल्या, कचऱ्याचा वास येणाऱ्या, इंटरनेटवर लिलावाला काढल्या. प्रत्येकीला नगरपालिकेचा टॅग लावला आणि सोबत खरेपणाचा दाखला दिला. ८८१ नग विकून १ लाख ७ हजार ९३० डॉलर आले. ई.टी.च्या एका डबीला १,५३५ डॉलर मिळाले. १९८३ साली तीच पाच डॉलरच्या टोपलीत कोणी उचलत नव्हते. पैशांतले ६५ हजार डॉलर नगरपालिकेला मिळाले, १६ हजार तिथल्या इतिहास मंडळाला. एक ई.टी. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. बाकी सात लाखांवर नग होते तिथेच आहेत. खड्डा पुन्हा बुजवून टाकला.